रक्त सरावाआधीच घ्यायचं

कोल्हापूरच्या गांधी मैदानावर सकाळी सहाला पोरं बूट चढवत असतात, तेव्हा मी कडेच्या पायरीवर सामान मांडतो. पिवळ्या टोपणाच्या नळ्या, दंडाला बांधायचा पट्टा, स्पिरिटचे बोळे. थायरॉइडचं रक्त मी सरावाआधीच घेतो. तासभर पळून झालं की घाम जातो, रक्तातलं पाणी स्नायूंकडे सरकतं आणि रक्त घट्ट होतं. थायरॉइड ग्रंथीचा टी-फोर हा हार्मोन ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटून फिरतो. रक्त घट्ट झालं की या प्रथिनांसोबत एकूण टी-फोरही वाढल्यासारखा दिसतो. ग्रंथीनं जादा काही केलेलंच नसतं.

वेळही तीच पाळायची. थायरॉइडला कामाला लावणारं टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. गेल्या वेळी सकाळी आणि या वेळी संध्याकाळी रक्त दिलं, तर फरक सरावाचा की घड्याळाचा, हे कुणी सांगायचं?

नळी हलक्या हातानं पाच-सहा वेळा उलटसुलट करून अर्धा तास उभी ठेवतो. मग लॅबमध्ये दहा मिनिटं मशीनमध्ये फिरवली की लाल गोळा तळाला, मध्ये जेलचा थर आणि वर पिवळसर सीरम. एकदा एकाचं सीरम पांढरट, गढूळ आलं. उपाशी ये म्हटलं होतं. गडी गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं दूध पिऊन आला होता.

दुसऱ्या एका बचावपटूचं सीरम मात्र नितळ होतं. टीएसएच, टी-फोर ठीक. टी-थ्री तेवढा खाली. "दादा, गोळी लागणार काय?"

"ते डॉक्टर बघतील. तू काल काय जेवलास?"

"सकाळी चहा-बटर, सरावानंतर गॅरेज, दुपारी वडा. रात्री पडलो तो झोपलोच."

टी-फोरमधला आयोडीनचा एक अणू निघाला की टी-थ्री होतो; हे काम बरंचसं यकृतात चालतं. मेहनतीच्या मानानं पोटात कमी गेलं, की शरीर या कामात काटकसर करतं. अमेरिकेत ॲन लाउक्स यांनी १९९०च्या दशकात तरुणींवर प्रयोग केले. व्यायामात जळलेल्या उष्मांकाची भरपाई जेवणातून झाली नाही, तर चार दिवसांत टी-थ्री उतरला. व्यायाम तेवढाच ठेवून जेवण वाढवलं, तेव्हा तो उतरला नाही. म्हणजे टी-थ्री नुसत्या पळण्यानं उतरत नव्हता.

डॉक्टरांनी त्याला गोळी दिली नाही. दुपारचा डबा सुरू करायला सांगितला. महिन्याभरानं, तसंच सकाळी सहाला, मी पुन्हा रक्त घेतलं. टी-थ्री वर आला होता. सराव एक दिवसही चुकला नव्हता.

आता माझ्या फॉर्मवर नाव, वय, वेळ यांच्या खाली मी हातानं एक ओळ आखतो: काल दिवसभरात काय खाल्लं?