महायुद्धानंतरचें बियाणें

विज्ञानानें १९४५ सालीं जगाला हिरोशिमा दाखविलें, हें शाळेंतील मुलगाही सांगेल. परंतु त्याच वर्षीं १६ ऑक्टोबरला कॅनडांतील क्वेबेक शहरीं संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना स्थापन झाली, आणि तिच्या संस्थापकांत अद्यापि परतंत्र असलेला हिंदुस्थानही होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणांत नसते. बंगालचा १९४३ चा दुष्काळ तेव्हां ताजा होता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. क्वेबेकची ती सभा व गोदाकांठची ज्वारीची भाकरी यांचा संबंध कोणाच्या स्वप्नींही नव्हता. पण तो जडला.

भुकेल्या राष्ट्रांना सावरण्याचे मार्ग दोन. एक, ज्याच्यापाशीं आहे त्यानें जहाजें भरून धान्य धाडावें. अमेरिकेनें १९५४ च्या कायद्यान्वयें तसें केलें. मात्र दात्याच्या मर्जीवर चूल पेटविणें किती अवघड, याचा प्रत्यय १९६६ सालीं आला. अध्यक्ष जॉन्सन यांनीं आपला गहू थोड्याथोड्या हप्त्यांनीं सोडला. व्हिएतनामच्या युद्धावर आपण केलेली टीका त्यांस रुचली नव्हती.

दुसरा मार्ग बियाण्याचा. ज्वारीच्या एकाच फुलांत पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. म्हणून दोन जातींचा संकर शेतांत मोठ्या प्रमाणावर घडविणें जवळजवळ अशक्य. टेक्ससमधील स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनीं १९५४ सालीं मिलो व काफिर या मूळच्या आफ्रिकी ज्वारींच्या संकरांतून परागहीन झाड मिळविण्याची रीत दाखविली. तें मादी म्हणून पेरावें, शेजारीं दुसरी जात लावावी. उरलेलें काम वारा करतो. अशीच अमेरिकन मादी घेऊन, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्यानें, १९६४ सालीं आपली पहिली संकरित ज्वारी 'सी. एस. एच. १' बाहेर पडली.

उत्पन्न वाढलें खरें. पण गृहिणीचा निकाल निराळा पडला. ही ज्वारी लवकर पिकते, कणीस ऐन पावसांत सांपडतें व दाणा बुरशीनें काळा पडतो. भाकरीला मालदांडीची गोडी नाहीं. शिवाय घरचें बीं पेरलें तर पीक एकसारखें येत नाहीं, म्हणून तें दरसाल विकत घ्यावें लागतें. बीं राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यास हेंही परावलंबनच वाटलें, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकलें असें मला वाटत नाहीं.

परभणीस कृषि विद्यापीठ झालें तें १८ मे १९७२ रोजीं. त्याच वर्षीं हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि त्याच वर्षीं मराठवाड्यावर असा दुष्काळ कोसळला कीं रेशनवरील तांबड्या मिलोच्या भाकरी लोकांनीं डोळे मिटून खाल्ल्या. संकरित ज्वारीच्या आजोळचीच ही मिलो!

या दोन संस्थांच्या सहकार्यानें २०१८ सालीं 'परभणी शक्ती' हें वाण निघालें. त्याच्या किलोभर दाण्यांत लोह सुमारें ४२ व जस्त ३२ मिलिग्रॅम असतें. नेहमींच्या ज्वारींत हेंच प्रमाण अदमासें ३० व २०. बाळंतिणीला व वाढत्या मुलींना हा फरक लहान नव्हे. तें संकरित नसून सरळ वाण आहे; घरचें बीं पुढील सालीं पेरतां येतें.

हिंदुस्थानच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. आमच्या पांढरपेशा घरांतून मात्र भाकरी पोळीला जागा देऊन केव्हांच मागें सरली आहे. गव्हाच्या त्या जहाजांचाही त्यांत थोडा वांटा असावा.