निकाह नळदुर्गात, बाळ दुबईत

परांडा, नळदुर्ग, उमरग्याकडची मुले कमवायला आखातात जातात. साखरपुडा गावी होतो आणि मग दोघांचे दिवस रात्रीच्या फोनवर निघतात. रजा काही मिळत नाही. "निकाह फोनवरच लावला तर?" असे आम्हाला हल्ली वारंवार विचारले जाते.

हजरत उम्मे हबीबा (रजि.) हबशात होत्या आणि प्यारे नबी (सल्ल.) मदिनेत. निकाह तिथला बादशहा नजाशीने लावला, मेहरही त्यानेच दिला. उम्मे हबीबांचे वकील होते खालिद बिन सईद (रजि.). आजही मुलाने गावातल्या भरवशाच्या माणसाला वकील नेमावे, त्याने साक्षीदारांसमोर कुबूल करावे. नुसत्या फोनवरचा निकाह अनेक उलेमा मानत नाहीत, कारण मजलिस एक राहत नाही. मुलीची मर्जी मात्र तिच्या तोंडून ऐका, मामूच्या नव्हे!

खरी धावपळ पुढे. दुबईच्या व्हिसासाठी विवाहनोंदणीचा दाखला लागतो. त्यावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशा तिघांची मोहोर हवी. त्यात २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या दाखल्यावर धाराशिव. दोन्ही कागद सोबत ठेवा.

बाळ झाले की अकीका सातव्या दिवशी आठवणीने होतो, नोंद मात्र राहून जाते. नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करावी लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि तोवर नातवाची वाट पाहत दादी नळदुर्गातच.