विश्लेषण : स्टुडिओतला महागडा माइक घरात का फसतो?

उरण-पनवेल पट्ट्यातली आगरी-कोळी गीते आता घरातल्या खोलीत ध्वनिमुद्रित होऊन थेट यूट्यूबवर जाऊ शकतात. त्यासाठी पहिली नजर जाते ती ‘लार्ज डायफ्रॅम कंडेन्सर’ माइककडे. मात्र जेएनपीए बंदराजवळच्या द्रोणागिरीत हा माइक गाण्यासोबत कंटेनर ट्रेलरची घरघरही टिपतो. म्हणूनच पैसे खर्च करण्यापूर्वी त्याचे तंत्र समजून घेणे गरजेचे आहे.

हा माइक काम कसा करतो?

जाळीच्या आत साधारण एक इंच व्यासाचा, सोन्याचा मुलामा दिलेला अतिशय पातळ पडदा असतो. त्यामागे धातूची तबकडी असते. आवाजाने पडदा थरथरला की दोन्हींमधले अंतर बदलते आणि त्यातून विद्युत संकेत तयार होतो. स्टुडिओतील अशा बहुतेक माइकना ऑडिओ इंटरफेस किंवा मिक्सरकडून ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ लागते. त्यामुळे केवळ माइक घेऊन भागत नाही.

त्याला अष्टपैलू का म्हणतात?

जर्मनीच्या नॉयमन कंपनीने १९४९ मध्ये ‘यू ४७’ आणला. त्यात आवाज फक्त समोरून घ्यायचा की चहूबाजूंनी, हे बटणाने ठरवता येत असे. १९६७ च्या ‘यू ८७’ मध्ये समोरून आणि मागून घेणारा, पण दोन्ही कडा जवळपास बंद ठेवणारा तिसरा पर्यायही आला. त्यामुळे एकच माइक गायकाला, ढोलकीला, समोरासमोर बसलेल्या दोघांना किंवा अख्ख्या कोरसला चालतो.

मग द्रोणागिरीत अडचण काय?

अवजड वाहनांची घरघर कमी कंपनसंख्येची असते. ती भिंतीतून आणि जमिनीतून आत येते. भिंतीवर चिकटवलेला फोम खोलीतला घुमारा कमी करतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. अनेकांचे पैसे वाया जातात ते या गैरसमजातूनच.

उपाय काय?

गायक आणि माइक यांच्यातले अंतर निम्मे केले, तर गायकाचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. बाहेरचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. अर्थात फार जवळ गेल्यास आवाज जाड होतो. माइकवर ‘लो-कट’ बटण असेल तर ते सुरू करावे. माइक शॉक माउंटवर टांगावा, खिडकीकडे माइकची ‘बहिरी’ बाजू करावी. कपड्यांचे कपाट, गाद्या आणि जाड गोधड्या असलेली आतली खोली निवडावी.

हाच माइक घ्यायला हवा का?

खोली शांत नसेल तर डायनॅमिक माइक स्वस्त आणि सोयीचा ठरू शकतो. तो तोंडाजवळ ठेवून गायचा असल्याने गोंगाट तुलनेने मागे पडतो. मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’ अल्बमच्या गायनासाठी श्युअर कंपनीचा डायनॅमिक ‘एसएम ७’ वापरला गेला होता.

मात्र आगरी लग्नातले धवले गाणाऱ्या वयस्कर धवलारणींचे सूर जपून ठेवायचे असतील, तर मोठ्या पडद्याचा माइक उपयोगी पडतो. दोघींना समोरासमोर बसवून मध्ये एकच माइक ठेवला, की श्वासासकट सारे नोंदले जाते. तेव्हा आधी शांत खोली शोधावी, एक दिवस माइक भाड्याने आणून पाहावा आणि मगच खरेदीचा विचार करावा.