पायाच्या दवाखान्यातला दिवा आणि कपाट

पायाच्या दवाखान्यात रुग्ण खुर्चीत मागे रेलतो, पाय पुढे लांब करतो आणि त्याचा तळवा डॉक्टरांच्या तोंडासमोर येतो. म्हणजे जे बघायचं ते आडवं नसतं, उभं असतं. छताचा दिवा जमिनीवर, टेबलावर, रुग्णाच्या गुडघ्यांवर भरपूर उजेड पाडतो. तळव्याच्या वाट्याला मात्र तिरपा, उरलासुरला उजेड येतो. त्यातच दिवा डॉक्टरांच्या पाठीमागे असेल तर ते पुढे वाकताक्षणी त्यांच्याच डोक्याची सावली तळव्यावर पडते. फॉल्स सीलिंगमध्ये आठ-दहा पॅनेल लाइट बसवूनही बोटांच्या बेचक्यातली भेग दिसत नाही, ती यामुळे.

ही भेग दिसणं किती महत्त्वाचं आहे? मधुमेहाने पायाची संवेदना गेली की दुखणं इशारा देत नाही. खडा टोचतो, फोड येतो, जखम चिघळते, आणि रुग्णाला पत्ता नसतो. आयसीएमआरच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांच्यासाठी तपासणाऱ्याचा डोळाच वेदनेचं काम करतो. तरीही नवा दवाखाना थाटताना दिवे आणि कपाटं हा सजावटीचा भाग समजला जातो, आणि ठरवण्याचं काम सुतार, इलेक्ट्रिशियन किंवा फर्निचरच्या दुकानदारावर सोपवलं जातं. बहुतेक गैरसमज तिथेच सुरू होतात.

पहिला समज असा, की जास्त वॅट म्हणजे चांगला उजेड. वॅट हे विजेच्या खर्चाचं माप आहे. बघायच्या जागेवर किती प्रकाश पोचला, हे लक्समध्ये मोजतात. युरोपातल्या प्रकाशयोजनेच्या मानकात तपासणीच्या खोलीसाठी ५०० लक्स आणि प्रत्यक्ष तपासणी-उपचाराच्या जागी १००० लक्स धरले आहेत. मोजताना मीटर टेबलावर आडवा ठेवून उपयोग नाही. खुर्चीत माणूस बसवून, त्याच्या तळव्याच्या जागी, तळव्याच्याच दिशेने उभा धरला पाहिजे. एका छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. म्हणून छतावर चार दिवे वाढवण्यापेक्षा हाताने वळवता येणारा, लवचीक दांड्याचा एक दिवा पायाजवळ आणणं केव्हाही सरस. उलट टोकाचा मोहही टाळावा. शस्त्रक्रियेच्या दिव्यांचा मध्यावरचा प्रकाश ४०,००० ते १,६०,००० लक्स असतो. नखं कापायला आणि घट्टे तासायला तो लावला, तर चकाकी वाढते आणि नजर उचलून बाजूच्या ट्रॉलीकडे पाहिलं की क्षणभर काही दिसत नाही.

रंगाबाबतचा समज अधिक घातक आहे. आपल्याकडे दवाखाना म्हटलं की ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड, कारण तो ‘स्वच्छ’ वाटतो. स्वच्छ वाटणं आणि खरं दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा वस्तूंचे रंग किती प्रामाणिकपणे दाखवतो, ते सीआरआय या आकड्यावरून कळतं. १०० म्हणजे उत्तम. तपासणीच्या जागी किमान ९० हवा. बाजारातले बरेचसे साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. त्यातही एक मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल रंग त्यात धरलेलाच नसतो. त्याचा आकडा ‘आर ९’ या नावाने वेगळा द्यावा लागतो, आणि स्वस्त एलईडीत तो शून्याजवळ, कधी शून्याखालीही असतो. पायाची तपासणी तर सगळी लालीवर चालते. जखमेच्या कडेची लाली, रक्तपुरवठा घटल्यावरची निळसर झाक, तळव्यावरच्या फिकटपणातला फरक, घट्ट्याखाली साकळलेल्या रक्ताचा काळपट डाग. सावळ्या कातडीवर लाली आधीच कमी उठून दिसते. दिव्यानेच लाल रंग खाल्ला तर सुरुवातीचा संसर्ग नजरेतून निसटतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या रुग्णालयीन मानकात तर रुग्णाच्या अंगावरची निळसर झाक नीट ओळखता यावी म्हणून दिव्यांची वेगळी कसोटी ठेवली आहे, आणि प्रकाशाचं रंगमान ३३०० ते ५३०० केल्व्हिनच्या मध्ये धरलं आहे. इथल्या दवाखान्याने ४००० केल्व्हिनचा, ९० च्या वर सीआरआय असलेला दिवा मागावा, आणि खोक्यावर ‘आर ९’ छापलेला नसेल तर दुकानदाराकडून माहितीपत्रक मागून घ्यावं.

जुना पिवळा हॅलोजन रंग छान दाखवतो, हे खरं. म्हणून तोच बरा, असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत. पण हॅलोजन तापतो. बधिर पायाजवळ तापलेला दिवा दहा मिनिटं राहिला तर रुग्ण ‘चटका बसतोय’ असं म्हणणार नाही, कारण त्याला तो कळतच नाही. दुसरी अडचण मोजमापाची. दोन्ही पायांवरच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक राहिला, तर आत दाह सुरू असल्याची शंका घेतात. एका पायावर गरम दिवा आणि दुसऱ्यावर एसीचा झोत असेल, तर हा आकडा खोटा ठरतो. खिडकीतलं दुपारचं ऊनही तेच करतं.

बुरशी ‘निळ्या दिव्याखाली चमकते’ हे तर ठामपणे सांगितलं जातं. हा दिवा म्हणजे वूड्स लँप. त्यातून ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण निघतात. बोटांच्या बेचक्यातली नेहमीची बुरशी त्याखाली सहसा चमकत नाही. पोवळ्यासारखी लाल चमक दिसली तर तो एरिथ्राझ्मा, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. हिरवट चमक स्यूडोमोनास या जिवाणूकडे बोट दाखवते. दिवा उपयोगी आहे, पण काही चमकलं नाही म्हणजे बुरशी नाही, असा निष्कर्ष काढला की उपचार चुकतो. हा दिवा वापरायला खोली पूर्ण काळोखी करता यावी लागते, म्हणून खिडकीला जाड पडदा आणि दिव्याचं बटण तपासणाऱ्याच्या हाताशी हवं.

आणखी एक निळा उजेड कपाटाच्या आत असतो, आणि तो जास्त फसवा आहे. नखं कापायचे निपर, फाइल, ब्लेडची मूठ ‘यूव्ही चेंबर’मध्ये ठेवली की निर्जंतुक झाली, असा समज सर्रास आढळतो. यूव्हीसी किरण सरळ रेषेत जातात. निपरच्या बिजागरीत, दातेरी फाइलच्या खाचांत, एका हत्याराखाली दडलेल्या दुसऱ्या हत्यारावर ते पोचत नाहीत. वाळलेलं रक्त किंवा नखाचा भुगा असेल तर त्याखालचे जंतू सुखरूप राहतात. फॉर्मलीनच्या गोळ्या टाकलेला डबा हाही पर्याय नव्हे. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलं आहे. घासून धुणं, सुकवणं, पाकिटात बंद करणं आणि ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत तापवणं हाच मार्ग. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये पाकिटातल्या हत्यारांना १२१ अंशांवर साधारण ३० मिनिटं लागतात. यूव्ही चेंबर फार तर बंद कपाट म्हणून वापरावा.

आता ही पाकिटं ठेवायची कुठे? सिंकखालचं कपाट रिकामं असतं म्हणून तिथे, हे उत्तर सगळ्यात वाईट. नळाचा एक थेंब पाकिटावर पडला की आतलं हत्यार निर्जंतुक राहिलं नाही असंच धरायचं. पाकिटाची मुदत फक्त तारखेवर नसते; ते भिजलं, फाटलं, चुरगळलं की तिथेच संपते. ती जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर, बाहेरच्या भिंतीपासून किमान ५ सेंटिमीटर लांब, बंद दाराआड ठेवावीत आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. मुंबई-कोकणातल्या जुलै महिन्यात एवढी अट पाळणंही सोपं नाही. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून कपाट करू नये, ते एवढ्यासाठीच.

काचेच्या उघड्या रॅकवर हत्यारं मांडली की दवाखाना प्रगत दिसतो, असं मानतात. जाड नखं मशिनने घासली की बारीक भुगा उडतो. त्यातले बरेच कण इतके सूक्ष्म असतात की ते खोलीच्या हवेत तरंगत राहतात आणि सावकाश कुठेतरी बसतात. उघडा रॅक, कपाटाचा माथा, फॉल्स सीलिंगमधला शोभेच्या दिव्यांचा कट्टा ही त्यांच्या बसण्याची ठिकाणं. कपाट थेट छतापर्यंत न्यावं किंवा त्याचा माथा उतरता करावा. खुर्चीच्या वर लपवलेल्या दिव्यांचा कट्टा करूच नये, कारण तिथे फडकं पोचत नाही. आणि भुगा ओढून घेणारं सक्शन असलेलं मशिन हे कोणत्याही कपाटापेक्षा आधी विकत घ्यायची वस्तू आहे.

कपाट कशाचं, या प्रश्नावर दोन समज भेटतात. एक, ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील अस्सल ३०४’. हे खरं नाही. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, आणि ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. उलट अस्सल ३०४ चा पत्रा जिथे वाकवलेला असतो, त्या कडेला चुंबक थोडा ओढला जाऊ शकतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. खात्री हवी तर विक्रेत्याकडून पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट घ्यावं. समुद्राकाठच्या गावात मॉलिब्डेनम असलेलं ३१६ अधिक टिकतं. स्टील कुठलंही असो, हायपोक्लोराइटने पुसून तसंच सोडलं की खड्डे पडतात. पुसल्यानंतर पाण्याने पुन्हा पुसायला हवं.

दुसरा समज, सनमायका लावला की आतलं लाकूड काहीही चालतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची उघडी कड पाण्याने फुगते, आणि दवाखान्यात फरशी रोज जंतुनाशकाने पुसली जाते. कपाटाचा तळ आधी जातो. पाणी लागणाऱ्या भागासाठी आयएस ७१० चं प्लाय, सगळ्या कडांना बँडिंग, आणि खाली फडकं फिरेल इतके उंच धातूचे पाय, एवढं तरी सुताराकडून लिहून घ्यावं. दारांपेक्षा ड्रॉवर सोयीचे. डॉक्टर स्टुलावर बसलेले असतात. पूर्ण बाहेर येणारे टेलिस्कोपिक चॅनेल असतील तर मागच्या वस्तूसाठी उठून वाकावं लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी लागणारं सगळं ट्रॉलीवर काढून घेतलं, की हातमोज्यांच्या बोटांनी ड्रॉवर उघडावा लागत नाही.

काही वस्तूंना कपाटात वेगळी वागणूक लागते. पायाची संवेदना तपासायचा १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा तंतू, खिशात किंवा पेनांच्या डब्यात वाकून राहिला की त्याचा दाब बदलतो आणि तपासणीचा निकाल भरवशाचा राहत नाही. एकाच दिवसात १०-१५ रुग्ण तपासले की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, असं मधुमेही पायासाठीचा आंतरराष्ट्रीय कार्यगट सांगतो. म्हणजे एकापेक्षा जास्त मोनोफिलामेंट हवेत, आणि सरळ ठेवायचा खाचांचा ट्रे हवा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या पावसाळी हवेतली ओल शोषून पाकिटातच निकामी होतात; त्यांना हवाबंद डबा लागतो. चपला-इनसोल चिकटवायचं सोल्युशन पेट घेणारं असतं, त्याची जागा ऑटोक्लेव्हपासून लांब, धातूच्या कपाटात.

कचऱ्याच्या डब्यांना तर आराखड्यात जागाच नसते. खुर्चीमागे कुठेतरी ते सारले जातात. ‘आमच्याकडे खाटा नाहीत, छोटा दवाखाना आहे, नियम मोठ्या रुग्णालयांना’ हाही समज चुकीचा. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. पू लागलेली पट्टी पिवळ्यात, हातमोजे लाल डब्यात, ब्लेड आणि सुया टोचून आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात. पायाने उघडणारे डबे खुर्चीपासून हाताच्या अंतरावर हवेत. ब्लेड हातात धरून खोलीभर चालावं लागता कामा नये.

शेवटचा समज दारातच लटकलेला असतो: ‘कृपया चपला बाहेर काढा’. स्वच्छतेच्या भावनेतून लावलेली ही पाटी पायाच्या दवाखान्यात उलटी पडते. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांनी घरातही अनवाणी चालू नये, असा सल्ला तिथेच दिला जातो, आणि त्याच रुग्णाला नखाचे तुकडे पडलेल्या फरशीवरून अनवाणी आणलं जातं. शिवाय चप्पल हा तपासणीचा भाग आहे. तळ कुठे झिजलाय, पट्टा कुठे घासतो, आत खिळा वर आलाय का, हे पाहिल्याशिवाय जखमेचं कारण कळत नाही. नवा दवाखाना मांडणाऱ्यांनी ती पाटी काढावी, खुर्चीच्या शेजारी पुसता येईल असा दोन कप्प्यांचा चपलांचा रॅक ठेवावा, त्याच्या कडा गोल करून घ्याव्यात, आणि तपासणीचा दिवा वळवून त्या चपलांच्या आतही पाहावं.