समरकंद-बुखाऱ्याला लहान ग्रुपने जाताना

समरकंद, बुखारा, ताश्कंद ही नावे आपल्या घरांत नवी नाहीत. इमाम बुखारी (रह.) यांचा जन्म ८१० मध्ये बुखाऱ्याचा, तर बाबराचा १४८३ मध्ये अंदिजानचा. लालबहादूर शास्त्रीजींचे निधन १९६६ मध्ये ताश्कंदलाच झाले. ही सारी शहरे आज उझबेकिस्तानात आहेत. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो आणि जेवणही आपल्या तोंडाला रुचते. म्हणून दहा-पंधरा जणांच्या ग्रुपबरोबर तिकडे जाण्याचा विचार कुटुंबे करतात. बरेचदा त्यामागे वर्षानुवर्षांची बचत असते आणि अम्मी-अब्बांसाठी ही कदाचित एकदाच होणारी सफर असते.

लहान ग्रुपमध्ये गर्दी नसते, ओळखी लवकर होतात. पण पंधरा जणांत एकाची अडचण ही सगळ्यांची अडचण होते. म्हणून पुढच्या गोष्टी निघण्याआधीच पक्क्या कराव्यात.

पैसे भरण्यापूर्वी

टूरवाल्याला पहिला प्रश्न विचारा: ग्रुप भरला नाही तर काय? टूर रद्द होणार, पुढे ढकलली जाणार, की उरलेल्यांकडून जादा पैसे घेणार? पैसे परत कधी आणि किती कापून मिळणार? विमान मुंबईहून की दिल्लीहून? दिल्लीहून असेल तर तिथवरचा खर्च कोणाचा? ही उत्तरे तोंडी नकोत, लेखी हवीत.

परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो पॅन नंबरवर जमा होतो आणि रिटर्न भरताना त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. त्यामुळे त्याची पावती जपून ठेवा.

एकट्या जाणाऱ्या भगिनींनी खोलीत सोबत कोण असेल हे आधीच विचारून घ्यावे. स्वतंत्र खोलीचे जादा पैसे बहुधा जाहिरातीतल्या किमतीत धरलेले नसतात.

कार्यक्रमपत्रिकाही बारकाईने वाचा. इमाम बुखारींची मजार समरकंद शहरात नसून वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर आहे. ‘समरकंद दर्शन’ एवढ्याच शब्दांत ती धरली आहे का, हे विचारून घ्या.

नाव आणि कागद

आपल्या नावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ सर्वांना माहीत आहे. आधारवर ‘मोहम्मद’, पासपोर्टवर ‘मोहं.’ आणि बँकेत तिसरेच! व्हिसा, विमान आणि रेल्वे या तिन्हींसाठी पासपोर्टवरचेच नाव अक्षरश: द्या. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज भरण्यापूर्वी टूरवाल्याला दाखवा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. ताश्कंद-समरकंद ही ‘अफ्रासियाब’ वेगवान रेल्वे दोन तासांच्या आसपास पोचवते, पण गाडीत चढतानाही मूळ पासपोर्ट लागतो. तो मोठ्या बॅगेत ठेवू नका.

औषधे

हा भाग घाईत वाचू नये. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांबाबत उझबेकिस्तानचे नियम कडक आहेत. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तिथल्या कस्टमवर अडचणीत आणू शकते. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि सफरीपुरतीच न्या. शंका असलेले औषध बदलून मिळते का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. विम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. लपवलेल्या आजारावर दावा नाकारला जाऊ शकतो.

वडीलधाऱ्यांची चाल

समरकंदच्या शाह-ए-जिंदाला उंच पायऱ्या चढाव्या लागतात. रेगिस्तान चौकात तीन मदरसे आहेत. त्यांतला सर्वांत जुना उलुगबेगचा, १४२० च्या सुमारास पूर्ण झालेला. तिन्ही पाहायचे तर बरेच चालावे लागते. उन्हाळ्यात बुखाऱ्याचा पारा चाळिशी ओलांडतो, हिवाळ्यात शून्याखाली उतरतो. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. गुडघेदुखी असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा. म्हणजे बसायची जागा, गाडी कुठवर जाते, हे गाइड आधी ठरवू शकेल. लाजेखातर गप्प बसलेली माणसेच शेवटी हॉटेलच्या खोलीत बसून राहतात.

नमाज आणि जेवण

विमानात ‘मुस्लिम मील’ आधी नोंदवावे लागते. देश मुस्लिमबहुल असला तरी काही उपाहारगृहांत दारू आणि डुकराचे मांसही असते, तेव्हा विचारण्यात संकोच नको. पलाव मात्र जरूर खा. तो बहुधा दुपारच्या जेवणातला पदार्थ आहे. तिथे भाकरीसारख्या गोल रोटीला ‘नान’ म्हणतात. ती उलटी ठेवणे अपमानाचे मानतात.

उझबेक लोक हनफी आहेत. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांना तिथे असरची जमात उशिरा मिळेल. बहुतेक मशिदींत स्त्रियांसाठी जमातीची सोय नसते, तेव्हा जागा कुठे मिळेल ते गाइडला सकाळीच विचारा. टूरच्या दिवसांत जुमा येत असेल तर त्या दुपारचा कार्यक्रम आधीच मोकळा ठेवायला सांगा. कसरच्या मसल्याबद्दल आपल्या आलिमांना विचारून निघा.

भाषेची भीती बाळगू नका. किताब, मकतब, दुनिया, आदम हे शब्द थोड्या फरकाने तिथेही आहेत. आभार मानायला ‘रहमत’ म्हटले की समोरचा हसतो.

एक अमीर नेमा

तिघे सफरीला निघाले तरी एकाला अमीर करावे, ही आपली शिकवण. लहान ग्रुपला ती फार उपयोगी पडते. टूरवाला व्यवहार पाहतो. अमीर मात्र प्रवाशांपैकीच असावा. खोली बदलायची आहे, कोणाला बरे नाही, बसची वेळ पाळली जात नाही, अशा वेळी सर्वांच्या वतीने एकानेच बोलावे. निघण्यापूर्वी एकदा सगळ्यांनी एकत्र बसावे, एकमेकांचे आजार, घरचे फोन नंबर आणि नमाजच्या वेळा ठरवून घ्याव्यात. चहाच्या एका बैठकीत हे होऊन जाते. ज्या ग्रुपने ते केले, त्यातले वडीलधारे परदेशात एकटे पडत नाहीत.