पडद्याच्या कडेवरचा शत्रू

टेक्मो या जपानी कंपनीने डिसेंबर १९८८ मध्ये जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निन्टेन्डोच्या आठ बिटांच्या घरगुती यंत्रासाठी आणलेला ‘निन्जा गायडेन’ हा खेळ अवघड म्हणून ख्यातनाम आहे. परंतु तो अवघड का, या प्रश्नाची उत्तरे बहुधा त्याच्या वेगाकडे किंवा खेळणाऱ्याच्या कच्च्या सरावाकडे बोट दाखवून संपतात. खेळ जवळून, एकेक उडी आणि एकेक वार वेगळा काढून पाहिला, तर अडचण वेगापेक्षा लढाईच्याच नियमांत असल्याचे आढळते. ज्या खेळाचा नायक पाठीवर तलवार बांधून निघतो, त्या खेळात तलवार उपसणे हाच पुष्कळदा तोट्याचा व्यवहार ठरतो.

वडिलांच्या मृत्यूचा शोध घेत अमेरिकेत आलेला र्यू हायाबुसा सहा अंकांतून धावतो, उड्या मारतो आणि भिंतींना चिकटतो. त्याच्या हालचालीत मात्र काहीही उणे नाही. हवेत असताना दिशा बदलता येते, दोन भिंतींमध्ये आळीपाळीने उड्या घेत वर चढता येते, आणि कळ दाबणे व नायकाने हलणे यांत जाणवण्याइतके अंतर पडत नाही. त्या काळच्या फार थोड्या खेळांना हे साधले होते. म्हणूनच लढाईतील खोट अधिक खुपते.

ही खोट दोन नियमांच्या संयोगातून निर्माण होते. पहिला नियम धक्क्याचा: शत्रूचा स्पर्श होताच र्यू मागे उडतो आणि जमिनीवर टेकेपर्यंत खेळणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. त्याच्या जीवनशक्तीच्या पट्टीत १६ खाने असतात, परंतु दरीच्या काठावर या १६ खान्यांना काही अर्थ नसतो, कारण पट्टी भरलेली असली तरी एकच धक्का त्याला दरीत लोटतो. दुसरा नियम पुनर्जन्माचा: प्रत्येक शत्रू मार्गावरील एका ठरावीक बिंदूशी बांधलेला असून पडद्याची कड त्या बिंदूवरून सरकली की तो प्रकट होतो. मारलेल्या शत्रूची नोंद खेळ ठेवत नाही. खेळणारा दोन पावले मागे हटून पुन्हा पुढे आला, की तोच शत्रू त्याच कडेवरून परत येतो. जुन्या जकात नाक्यावर दर खेपेला नव्याने जकात द्यावी लागे, तसा हा प्रकार आहे. सावधपणे मागे सरणे ही कोणत्याही लढाईतील शहाणपणाची चाल येथे शिक्षेस पात्र ठरते.

हे दोन्ही नियम एकत्र पाहायचे, तर पक्षी पाहावा. हा तपकिरी पक्षी पडद्याच्या कडेवरून सरळ न येता झुकत, वळत, नायकाच्या दिशेने झेपावतो आणि नेम चुकला तर वळून पुन्हा येतो. तलवारीचा पल्ला आखूड, जमिनीवर उभे राहून वार केला तर पाय थांबतात, आणि उभे राहण्याची जागा अनेकदा दोन दऱ्यांमधला चिंचोळा कट्टा असते. वार क्षणभर लवकर झाला तर पक्षी आत शिरतो, उशिरा झाला तर र्यू मागच्या दरीत जातो, आणि मागे सरून जागा करून घ्यावी तर पक्षी मारूनही तो पुन्हा हजर होतो. या पक्ष्याचा सामना करताना खेळणाऱ्याला जे शिकावे लागते त्याला द्वंद्व म्हणणे कठीण आहे. ते पाठांतर आहे.

या रचनेचे समर्थन करताना यंत्राची कार्यस्मृती, म्हणजे चालू खेळाची तात्पुरती नोंद ठेवण्याची जागा, केवळ २ किलोबाइट होती, हे सांगितले जाते. आकडा खरा आहे. तथापि एखादा शत्रू मेला की जिवंत आहे, हे लिहायला एक बिट पुरतो. एका भागात ४० शत्रू आहेत असे धरले, तरी ही सारी नोंद ५ बाइटांत बसते. २ किलोबाइटांतून ५ बाइट काढणे सोपे नसेल, पण अशक्यही नव्हते. तेव्हा २ किलोबाइट हे स्पष्टीकरण काही अंशीच पटते. उरलेला भाग निवडीचा आहे.

नक्कल यंत्रांवर ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट घासत वाढलेल्या महाराष्ट्रातील पिढीला येथे एक आक्षेप सुचेल: त्या खेळातही सैनिक अखंड धावत येतात आणि एका गोळीत जीव जातो. परंतु तेथे बंदूक पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचते. शत्रूचा अविरत ओघ आणि दूरवरचा मारा यांचा मेळ बसतो. अविरत ओघ आणि हातभर तलवार यांचा बसत नाही.

मुरलेले खेळाडू म्हणूनच थांबत नाहीत. ते उडी मारतानाच वार करतात, कारण हवेत वार केल्याने गती तुटत नाही, आणि ज्या शत्रूला टाळून पुढे जाता येते त्याला हातही लावत नाहीत. त्यांचा खेळ देखणा असतो, यात शंका नाही. पण त्या देखणेपणाचे श्रेय लढाईला देणे चुकीचे होईल. सहाव्या अंकाच्या कुप्रसिद्ध दुसऱ्या टप्प्यात हे लख्ख दिसते, आणि अखेरच्या तीन शत्रूंपैकी कोणाशीही हरल्यास खेळणाऱ्याला त्या अंकाच्या आरंभी पाठवले जाते, तेव्हा तोच टप्पा पुन्हा ओलांडावा लागतो. हरवलेला मोठा शत्रू मात्र हरलेलाच राहतो. म्हणजे नोंद ठेवणे यंत्राला जमत होते.

१९९० च्या दुसऱ्या भागात र्यूला भिंत सरळ चढता येऊ लागली. १९९१ च्या तिसऱ्या भागात मारलेले शत्रू परत येणे बंद झाले. मात्र त्याच खेळाच्या अमेरिकी आवृत्तीत शत्रूंचा मार वाढवण्यात आला आणि पहिल्या भागात हव्या तितक्या वेळा मिळणारी पुन्हा सुरुवात करण्याची संधी पाचवर आणली गेली.