सॉक्रेटिसवरील खटला

सॉक्रेटिसवरील खटला हा इ.स.पू. ३९९ मध्ये ग्रीसमधील अथेन्स या नगरराज्यात तत्त्वज्ञ सॉक्रेटिस याच्याविरुद्ध चालविण्यात आलेला खटला होय. नगराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडविणे असे आरोप त्याच्यावर ठेवण्यात आले होते. तो दोषी ठरला व त्याला मृत्युदंड झाला. त्या वेळी त्याचे वय सत्तर वर्षांचे होते.

पार्श्वभूमी

सॉक्रेटिसने स्वतः काहीही लिहून ठेवले नाही. बाजारात व व्यायामशाळांत भेटणाऱ्या लोकांना तो न्याय, शौर्य, धर्मनिष्ठा यांविषयी प्रश्न विचारी आणि त्यांच्याच उत्तरांतील विसंगती दाखवून देई. जाणते म्हणून मिरविणाऱ्या प्रतिष्ठितांना हे रुचत नसे. इ.स.पू. ४२३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मेघ’ या प्रहसनात नाटककार ॲरिस्टोफेनीसने त्याची टिंगल केली होती. आपल्याविषयीचा पूर्वग्रह तेव्हापासून रुजला, असे सॉक्रेटिसचे म्हणणे होते.

खटल्याला राजकीय संदर्भही होता. स्पार्टाशी झालेल्या पेलोपनीशियन युद्धात (इ.स.पू. ४३१–४०४) अथेन्सचा पराभव झाला व लोकशाही जाऊन ‘तीस जुलमी शासकां’ची राजवट आली. तिने अनेक नागरिकांचे बळी घेतले. या राजवटीचा म्होरक्या क्रिटियस हा पूर्वी सॉक्रेटिसच्या सहवासात वावरला होता. युद्धकाळात शत्रूला जाऊन मिळालेला सेनानी अल्किबायडीस हाही त्याच्याच मंडळीतला. इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आल्यावर सर्वसाधारण माफी जाहीर झाली. त्यामुळे जुन्या राजकीय अपराधांसाठी खटला भरता येत नव्हता. आरोपपत्रात राजकारणाचा उल्लेख नाही, तो बहुधा यामुळेच. पुढे सुमारे अर्ध्या शतकाने वक्ता एस्किनीस याने मात्र, क्रिटियसचा गुरू म्हणून अथेन्सने सॉक्रेटिसला मारले, असे भर न्यायालयात सांगितले.

न्यायालयाची पद्धत

अथेन्समध्ये सरकारी वकील नसत. कोणताही नागरिक दुसऱ्यावर खटला भरू शकत असे. मेलेटस हा मुख्य फिर्यादी होता. ॲनिटस व लायकॉन त्याचे साथीदार होते. फिर्यादीला एक पंचमांश मतेही न मिळाल्यास त्याला हजार द्राख्मा दंड भरावा लागे.

न्यायनिवाडा व्यावसायिक न्यायाधीश करीत नसत. तीस वर्षांवरील नागरिकांतून दरवर्षी ६,००० जण चिठ्ठ्या टाकून निवडले जात आणि त्यांच्यातून खटल्यासाठी पंच घेतले जात. सॉक्रेटिसच्या खटल्यात सुमारे ५०० पंच होते. दोन्ही पक्षांना जलघटिकेने मोजून वेळ दिला जाई आणि पंच आपसांत चर्चा न करता गुप्त मतदान करीत. निकालाविरुद्ध अपील नव्हते.

बचाव आणि निकाल

प्लेटोने लिहिलेल्या वृत्तान्तानुसार सॉक्रेटिसने आपले भाषण स्वतःच केले. डेल्फीच्या देववाणीने त्याच्याहून शहाणा कोणी नाही असे सांगितले होते. तिचा अर्थ शोधताना, आपले अज्ञान आपल्याला कळते एवढेच आपले शहाणपण, असे त्याच्या ध्यानात आले. सुस्त घोड्याला जागे ठेवणाऱ्या गोमाशीची उपमा त्याने स्वतःला दिली. आपण कोणत्याही राजवटीपुढे झुकलो नाही, हेही त्याने दाखवून दिले: इ.स.पू. ४०६ मध्ये सेनापतींवर एकत्रितपणे खटला चालविण्याच्या बेकायदेशीर ठरावाला त्याने लोकशाहीत विरोध केला होता, तर सलामिसच्या लेऑनला पकडून आणण्याचा हुकूम तीस शासकांच्या काळात मोडला होता. मुलाबाळांना न्यायालयात आणून दया मागण्याची रूढ पद्धत मात्र त्याने नाकारली.

तीस मते फिरली असती तरी आपण सुटलो असतो, असे तो निकालानंतर म्हणाला. या गुन्ह्यासाठी शिक्षा ठरलेली नव्हती. दोन्ही पक्षांनी सुचविलेल्या शिक्षांतून पंचांनी एक निवडायची होती. फिर्यादींनी मृत्युदंड मागितला. सॉक्रेटिसने प्रथम, आपल्याला नगराच्या खर्चाने सन्मानाचे भोजन मिळावे, असे सुचविले. नंतर मित्रांच्या हमीवर तीस मिना दंड देऊ केला. पंचांनी मृत्युदंड निवडला.

मृत्यू

डीलॉस बेटावर गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत मृत्युदंड देता येत नसल्याने तो सुमारे महिनाभर तुरुंगात राहिला. मित्र क्रायटोने पलायनाची तयारी केली होती. परंतु ज्या कायद्यांच्या छायेत आयुष्य घालविले ते मोडणे अन्यायाचे ठरेल, असे सांगून सॉक्रेटिसने नकार दिला. अखेर हेमलॉकच्या विषाचा पेला पिऊन त्याने प्राण सोडला.

साधने व महत्त्व

प्लेटो खटल्याला हजर होता. झेनोफन त्या वेळी अथेन्सबाहेर होता. दोघेही शिष्य असल्याने त्यांचे लेखन सॉक्रेटिसच्या बाजूचे आहे. फिर्यादींची भाषणे उपलब्ध नाहीत. वार्धक्याच्या यातनांपेक्षा मरण बरे, असे मानून सॉक्रेटिस उद्दामपणे बोलला, असे झेनोफन सांगतो. प्लेटोच्या मते तो केवळ आपल्या कर्तव्याला जागला. हा निर्णय जुलमी राजाने दिला नव्हता. तो नुकत्याच सावरलेल्या लोकशाहीतील नागरिकांनी, कायद्याच्या चौकटीत दिला होता. त्यामुळे बहुमताचा अधिकार आणि व्यक्तीचे विचारस्वातंत्र्य यांच्या मर्यादांची चर्चा करताना या खटल्याचा आजही दाखला दिला जातो.